पारड्यावर कोणाचा अंगठा?

बसा भाऊहो, बसा. बायाहो, जरा सावलीत सरका, तिकडं ऊन आलं. मंडप अपुरा पडला म्हणजे माणसं भरपूर आली. नईमभाईच्या शोकसभेले इतकी माणसं! पाहून बरं वाटायले पाहिजे होतं. मले नाई वाटलं. खुर्च्या भरताना पाह्यल्या अन् मनात पहिली गोष्ट हीच आली, का यातले किती जण गेल्या दोन वर्षांत नईमभाईच्या दुकानाची पायरी चढले होते?

राग मानू नका. त्या न चढणाऱ्यांत मीबी होतो.

तुमच्यातले निम्मे माझे विद्यार्थी आहेत. एकतीस वर्षं इथल्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं. माणसं म्हणतात, देवराव सर बोलायले उभे राह्यले का थांबत नाईत. सकाळी शुद्ध मराठीत भाषण लिहिलं होतं. 'एक प्रामाणिक कारागीर काळाच्या पडद्याआड गेला' वगैरे वगैरे. तो कागद खिशातच राहू द्या. त्या भाषेत मी वर्गात शिकवायचो, अन् वर्गात मी जे शिकवलं त्याच्यावर नईमभाईचा एक दिवस विश्वास बसला नाई.

नईमभाई कोण, हे नव्या पोरापोरींसाठी सांगतो. वजनकाटे दुरुस्त करणारा मिस्त्री. सरकारी परवानावाला. आठवडी बाजारातला भाजीचा काटा असो, धानाचा मोठा काटा असो का सोनाराचा छोटा, बिघडला का नईमभाई. त्यायच्या वडलायचाही हाच धंदा. म्हणजे दोन पिढ्या संशय घेण्याचा धंदा, असं ते स्वतःच हसून म्हणायचे. "सर, डॉक्टर नाडी पाह्यते, मी दांडी पाह्यतो. नाडी खोटं नाई बोलत. दांडी बोलते."

किती संशयी? शमीमभाभी इथी बसल्या आहेत, त्यायले विचारा. भाभी, माफ करा, पण हे सांगतो. नईमभाईनं स्वतःच्या साळ्याचा काटा भर बाजारात खोटा ठरवला होता. मटणाचं दुकान, रविवारची गर्दी. नईमभाई पिशवी घेऊन गिऱ्हाईक म्हणून गेले, काटा पाह्यला, खिशातून आपलं पितळी वजन काढून पारड्यात ठेवलं अन् मोठ्यानं म्हणाले, "मियाँ, पासंग हाय याच्यात. एका बाजूले झुकते. बंद करा." सगळ्यांसमोर! भाभीले सहा महिने माहेरचं दार बंद झालं. अन् नईमभाई काय म्हणतात? "मी त्याले चोर नाई म्हटलं. काटा खोटा म्हटलं. काटा दुरुस्त कर, मी येतो जेवायले." साळ्यानं काटा दुरुस्त केला. पण जेवायले काही बोलावलं नाई.

आमची ओळख कॉलेजात झाली. केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेतला नाजूक काटा दुरुस्त करायले ते आले होते. जाता जाता माझ्या वर्गाच्या दाराशी थबकले. मी शेअर बाजार शिकवून राह्यलो होतो. माझा आवडता धडा. मी म्हणत होतो, का शेअरची जी किंमत असते, तिच्यात त्या कंपनीची सगळी माहिती आधीच मिसळलेली असते. नवी बातमी आली का किंमत लगेच हलते. म्हणून कोणताही शहाणा बाजारापेक्षा शहाणा नसतो. पोरं वहीत उतरवून घेत होती. दारातून आवाज आला.

"सर, एक विचारू? ती माहिती किमतीत टाकते कोण?"

मी हसलो. म्हटलं, कोणी टाकत नाही, ती आपोआप येते.

"आपोआप तं काटाबी नाई हालत सर. काही ठेवल्याशिवाय."

अख्खा वर्ग हसला. माझ्यावर हसला, हे मले घरी जाऊन समजलं.

त्या दिवसापासून दर मंगळवारी त्यायच्या दुकानात आमचा चहा. सुरुवातीले मले वाटलं, या माणसाले शेअरमध्ये कमाई करायची आहे अन् फुकटात शिकवणी घ्यायची आहे. हो, मीही कमी संशयी नाई. महिनाभर वाट पाह्यली, का आता विचारतील, सर, कोणता शेअर घेऊ? कधीच नाई विचारलं. शेवटी मीच म्हटलं, नईमभाई, तुमी एखादा शेअर घेतला का नाई?

"मी काटा पाह्यतो सर. माल नाई घेत."

एक दिवस मी त्यायले सांगितलं, का पुस्तकात असं लिहिलेलं आहे, मोठ्या श्रीमंत देशांत बाजार बातमी झटकन पचवतो. आपल्यासारख्या देशांत तो हळू पचवतो. बातम्या अर्धवट येतात, उशिरा येतात, कोणाले आधी येतात, कोणाले मागून. म्हणून आपले बाजार त्या मानानं कच्चे.

नईमभाईनं पाना खाली ठेवला. "म्हणजे मोठ्या गावचा काटा खरा अन् आमच्या बाजारचा खोटा, असं?"

म्हटलं, तसं नाही, सरासरी.

"तपासला कोणी?"

म्हटलं, विद्वानांनी.

"कुठी बसून?"

मी चहा पिलो.

मंग त्यायनं तपासायचा आपला एक डाव काढला. ऐका, कारण पुढं सगळं याच्यावरच आहे. मिस्त्री काटा कसा तपासतो? ज्याचं वजन पक्कं माहीत आहे, असं वजन ठेवतो अन् काटा काय सांगतो ते पाह्यतो. नईमभाई म्हणाले, आपल्या दोन जिल्ह्यांतल्या गोष्टी मले पक्क्या माहीत होतात. बाजारोबाजार फिरतो मी. कोणत्या खाणीत पाणी भरलं, कुठी कामगार गेटवर बसले, कोणती भट्टी थंड झाली. ते पक्कं वजन. ते घडलं कधी, हे वहीत लिहायचं. अन् त्या कंपनीची किंमत हलली कधी, हे मोबाईलवर पाहून त्याच्यासमोर लिहायचं. बस.

किंमत मागून हलली, तं काटा जड आहे, गंजला आहे. लगेच हलली, तं काटा चांगला. अन् आधीच हलली तं?

"तं पारड्यावर कोणाचा तरी अंगठा हाय सर."

भाऊहो, मी पाच शहरांतल्या चर्चासत्रांत गेलो आहे. लोक कॉम्प्युटर लावून जे करतात, ते हा माणूस शंभर पानी वहीत करून राह्यला होता. मी त्यायले हे कधी सांगितलं नाई. कायले सांगू? माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीपेक्षा त्यायची वही भारी आहे, हे सांगायले छाती लागते.

आता मुद्द्यावर येतो. सोमाजीभाऊ पुढच्या रांगेत बसले आहेत, आमच्या गावच्या ग्रामसभेचे अध्यक्ष. ते आले, चांगलं झालं. भाऊ, जे सांगतो त्यात चुकलो तं इथंच टोका.

आमचं गाव इथून वैनगंगा ओलांडली का जंगलाकडं. त्याच्या वरच्या डोंगरात लोखंडाचा दगड. ते काढायले एक कंपनी आली. नाव घेत नाई, तुमाले माहीतच आहे. गाड्यांना रस्ता पाहिजे, अन् रस्ता गावाच्या जंगलातून. ग्रामसभेच्या मंजुरीबिगर होत नाई. गावानं दोन वर्षं घासाघीस केली. गावाचं म्हणणं एवढंच, का रस्ता शाळेजवळून अन् मोहाच्या रानातून नेऊ नका, टेकडीमागून वळवा. वळण दिलं तं मंजुरी, नाई तं नाई. कंपनी 'पाहू, पाहू' म्हणायची.

अन् आमच्या गावची एक रीत आहे. बाहेरच्यायले सांगतो. आमच्या इथी ठराव मुरत ठेवतात. पहिल्या बैठकीत गाव बसते, बोलते, भांडते, एका मतावर येते. पण सही करत नाई. आठ दिवस जाऊ देतात. कोणी मिरची तोडायले तेलंगणात गेलेलं असते, कोणी बाई मोहफुलं वेचायले रानात गेलेली असते, ते परत येतात, ऐकतात, मन बदललं तं सांगतात. मंग दुसरी बैठक, अन् मंग सही. या आठ दिवसांत ठरावाची गोष्ट गावाबाहेर काढायची नाई. सोयऱ्यालेही सांगायची नाई. जावई घरी आला तं त्यालेही नाई. बापजाद्यांपासून चालत आलेलं आहे.

दोन वर्षांपूर्वी मोहाच्या हंगामात, एका रविवारी, पहिली बैठक झाली. मी गावचा माणूस, मी होतो. गाव थकलं होतं. माणसं म्हणाली, वळणासाठी आखरीचा जोर लावू, पण नाईच दिलं तं मंजुरी देऊन टाकू. किती दिवस लोंबकळायचं? हेच ते मत. आतून होकार झाला होता, फक्त कंपनीले तो कळू द्यायचा नव्हता. तिले 'गाव नाई म्हणते' असंच वाटलं पाहिजे होतं. त्यावरच वळण अवलंबून होतं. शाळा अन् रान, दोन्ही त्यावरच.

नईमभाई तवा आमच्या गावातच होते. मोहफुलं तोलायचा काटा तपासायले दर हंगामात आठ-दहा दिवस मुक्काम करायचे. गाव त्यायले आपलंच मानायचं. बैठकीच्या झाडाखाली तेबी बसले होते. कोणी उठ म्हटलं नाई.

बुधवारी त्या कंपनीची किंमत चढू लागली. गुरुवारी आणखी चढली. पेपरात काही नाई, टीव्हीवर काही नाई. नईमभाईनं वहीत लिहिलं. शुक्रवारी सकाळी ते सोमाजीभाऊच्या अंगणात गेले.

"भाऊ, तुमची गोष्ट गावाबाहेर गेली."

बरोबर ना, सोमाजीभाऊ? हेच शब्द ना?

शनिवारी कंपनीचा साहेब आला. त्या आधी दहा वेळा आला होता, तवा कपाळावर घाम असायचा. त्या दिवशी पान खाऊन आला. म्हणाला, वळण जमत नाही. खर्च वाढते. तुमचं काय ते तुमी ठरवा, आमाले घाई नाई.

रविवारी दुसरी बैठक. ती बैठक मी मरेपर्यंत विसरणार नाई. कोणी सांगितलं, कोणी सांगितलं, एकच गलका. नईमभाई उभे राह्यले. वही उघडली अन् सगळं समजावून सांगायले लागले. हे पाहा, इथी तुमची बैठक, इथी किंमत हालली, मधात तीन दिवस. पेपरात नसलेली गोष्ट किमतीत आली, म्हणजे इथल्याच कोणीतरी बाहेर नेली. हे सांगायची त्यायले काय गरज होती? काहीच नाई. काटा खोटा दिसला, सांगितलं. हाडाची सवय.

गावानं काय ऐकलं? शेअर. मोबाईल. किंमत. अन् सगळे त्यायच्याच तोंडाकडं पाहू लागले.

कोणीतरी म्हणालं, "तुमालेच कसं कळलं जी?"

दुसरं म्हणालं, "शेअर पाह्यणारा माणूस या गावात एकच हाय."

अन् सोमाजीभाऊ, तुमी म्हणाले, "बाहेरचा माणूसबी एकच हाय."

नाही नाही, भाऊ, मान खाली घालू नका. त्या बैठकीत मी बोललो असतो तं तुमी तसं म्हणाले नसते. मी अर्थशास्त्राचा माणूस. मी उठून एवढं म्हणालो असतो, का अरे, ज्यानं सांगितलं असेल तो वही घेऊन स्वतःहून पुढं येईल का? चोर कधी पोलिसाले घरी जेवायले बोलावते का? एवढं म्हणालो असतो तरी पुष्कळ होतं. सारे माझ्याकडंच पाहून राह्यले होते. सर काय म्हणतात? सर चप्पल शोधत होते.

अन् माझ्या मनात काय होतं सांगू? मलेही त्यायचाच संशय आला होता! चार वर्षं ज्याच्यासोबत चहा पिलो त्याचा. मनात म्हटलं, 'माल नाई घेत' म्हणते, पण कोणी पाह्यलं? एवढं फुकट कोण लिहीत बसते? शेअर घेण्यासाठी जे खातं लागते ते त्यायच्या नावानं कधी उघडलंच नव्हतं, हे मले मागून कळलं. हे विचारायले दोन मिनिटं लागली असती. मी नाई विचारलं. गावानंही नाई विचारलं. चोर सोडून संन्याशाले फाशी म्हणतात, ती अशी होते.

पुढचं तुमी पाह्यलंच आहे. वळणाशिवाय सह्या झाल्या. मोहाचं रान गेलं. शाळेच्या भिंतीले लागून गाड्या जातात, पोरं लाल धुळीत पाढे म्हणतात. अन् नईमभाईचं दुकान ओस पडलं. माणसं काटे घेऊन चंद्रपूरले जाऊ लागली, इतकी भाड्याची खोट खाऊन. बाजारात त्यायले पाहून बाया म्हणायच्या, "तो पाहा, गाव विकणारा." ज्या माणसानं सख्ख्या साळ्याले सोडलं नाई, त्याले आमी गाव विकणारा म्हटलं, बाप्पा!

भाभीले मी एकदाच भेटलो त्या काळात. त्या म्हणाल्या, "सर, ये आदमी गलती करते, जिद करते, मले तं रोज परेशान करते. पण चोरी नाई करत." मी मान हलवली. हो म्हटलं नाई. हे भाभीच्या ध्यानात आलं असेल. आलंच असेल.

आता मी तुमाले तो अंगठा दाखवतो.

पहिली बैठक झाली, त्याच्या तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, मले एक फोन आला होता. माझा जुना विद्यार्थी. नागपूरले शेअरदलालाच्या पेढीत मोठ्या जागेवर आहे. नाव नाई सांगत, गुन्हा त्याच्या आधी माझा आहे. दोन वर्षांनी फोन केला त्यानं. सर कसे आहात, गुडघे कसे आहेत, तुमच्या त्या धड्यामुळं मी इथी पोचलो. मी फुगलो. मास्तर माणसाले आणखी काय पाह्यजे? मंग सहज विचारलं त्यानं, "सर, तुमच्या गावचं त्या रस्त्याचं काय म्हणते?"

अन् मी म्हणालो, "लोक आतून तयार आहेत रे. वळण नाई दिलं तरी देतील. रविवारी सही होईल."

एवढंच. फोन ठेवला, जेवलो, झोपलो. मनात टोचलं नाई. का नाई टोचलं, ते सांगतो, कारण याच्यात माझी अक्कल उघडी पडते. गावची रीत मले माहीत होती. जावयाले मी बोललो नसतो. पण याच्याशी बोलताना मले ते बोलणं वाटलंच नाई, वर्ग वाटला. अन् माझा धडा काय म्हणतो? किमतीत सगळं आधीच असते. मुंबईतल्या इतक्या मोठ्या बाजाराले नदीपलीकडच्या एका गावचं मत काय नवं राहणार? माझ्या सांगण्यानं काय हलणार? एकतीस वर्षं शिकवलेल्या गोष्टीवर माझा इतका आंधळा विश्वास, का बापजाद्यांनी तोंडाले लावलेलं कुलूप मी हसत हसत काढून ठेवलं.

हे मले मागच्या दिवाळीत कळलं. तोपर्यंत मी त्या फोनाले विसरलोच होतो. तो पोरगा गाडी घेऊन घरी आला, मिठाईचा डबा ठेवला, पाया पडला अन् म्हणाला, "सर, तुमच्या त्या एका वाक्यानं आमचं वर्ष निघालं. ती गोष्ट वरपर्यंत गेली, कंपनीवाल्यांनी आमच्याकडूनच ऐकली." हसत म्हणाला. त्याले त्यात काही वाईट दिसतच नव्हतं. मीच तयार केलेला पोरगा तो. बायकोनं चिवडा आणून ठेवला. मी बशी त्याच्याकडं सरकवली.

माझ्या पुस्तकात याले काय म्हणतात, माहीत आहे? जिथं लपवून ठेवलेली गोष्टसुद्धा किमतीत येते, तो सगळ्यांत पक्का बाजार. सगळ्यांत हुशार. पोरांना मी फळ्यावर लिहून द्यायचो. नईमभाई त्याले साध्या भाषेत चोरी म्हणायचे. मी त्यायले समजवायचो, का तुमाले सिद्धांत कळत नाई.

दिवाळी झाली. पौष गेला, माघ गेला. मी बोललो का? नाई बोललो. रोज सकाळी ठरवायचो, रोज संध्याकाळी टाळायचो. म्हटलं, रस्ता झालाच आहे, रान परत येणार आहे का? म्हटलं, या वयात तोंड काळं करून कुठी जाऊ? नईमभाईले सवय झाली असेल, असंही म्हटलं. ऐका, काय माणूस आहे मी! दुसऱ्याले शिव्या खायची सवय झाली असेल म्हणून मी जेवत होतो.

मागच्या महिन्यात ते स्वतः माझ्या घरी आले. दम लागत होता, पायरीवर थांबून थांबून चढले. वही बगलेत. म्हणाले, "सर, पहिल्या बैठकीत जे जे बसले होते, त्या सगळ्याइले मी विचारून आलो. काही बोलले, काहीनं हाकललं. तुमी एकटे राह्यले. त्या आठवड्यात तुमचा कोणाशी फोन झाला होता का?"

मी म्हटलं, "आठवत नाई."

त्यायनं माझ्याकडं पाह्यलं. मंग म्हणाले, "बरं." अन् वही बंद केली. चहा पिऊन गेले. जाताना गुडघ्याले मोहाचं तेल लावा म्हणाले.

पण मले एक गोष्ट माहीत होती. नईमभाई कोणत्याही काट्याले एकदा पाहून खोटा म्हणत नसत. तीनदा पाह्यचे. साळ्याच्या काट्यालेही तीन रविवार पाह्यलं होतं, मंगच बोलले होते. म्हणजे मले ते अजून दोनदा विचारायले येणार होते. मी वाट पाहत होतो. खोटं नाई सांगत, भीत भीत वाट पाहत होतो. दुसऱ्या वेळेस सांगून टाकीन, असं ठरवलंही होतं. मागच्या शुक्रवारी दुकानात छातीत कळ आली. चंद्रपूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं.

त्यायले कळलं होतं का? मले संशय आहे, का कळलं होतं. पहिल्याच वेळेस कळलं होतं. मंग बाजारात का बोलले नाईत? गावाले का सांगितलं नाई? त्यायच्यावरचा डाग एका वाक्यात धुतला गेला असता. मी रोज विचार करतो अन् एकच उत्तर सापडते. तपास पूर्ण झाला नव्हता. अर्ध्या तपासावर ते कोणाले खोटं ठरवत नव्हते. आमी तं तपासाबिगरच त्यायले ठरवलं.

आता तुमी म्हणाल, सर आज बोलले, मोठं मन सरांचं. नका म्हणू. जो उठून 'बरं' म्हणू शकत नाई, त्याच्यासमोर कबुली देणं सोपं असते. माझ्या या बोलण्यावरही संशय घ्या. नईमभाईनं घेतला असता. म्हणून मी नुसतं बोलून थांबत नाई. सोमाजीभाऊ, हे सगळं मी सही करून लिहून आणलं आहे. फोन कोणता, दिवस कोणता, बोललो काय, सगळं. हा कागद ग्रामसभेपुढं ठेवा. जे ठरवाल ते मान्य. आठ दिवस मुरवायची गरज असेल तं मुरवा. पण बाजाराच्या दिवशी दवंडी देऊन सांगा, का नईमभाईनं गाव विकलं नव्हतं. हे माझ्या मागं नाई, मी असतानाच सांगा.

भाभी, मी तुमची माफी मागत नाई. मागायचं तोंड नाई. तुमी त्या दिवशी मले जे सांगितलं, तेच खरं होतं, एवढं सगळ्यांसमोर म्हणतो.

संपवतो. शोकसभेत आपण दोन मिनिटं उभं राहतो, सगळेच. आज तसं नका करू. आज फक्त त्यायनंच उभं राहा, ज्यायनं गेल्या दोन वर्षांत एकदा तरी, एक क्षणभर तरी, नईमभाईवर संशय घेतला. कोणी कोणाकडं पाहू नका. ज्याचं त्याले माहीत आहे. मी तं उभाच आहे.

सोमाजीभाऊ... हो. उठा. हात द्या मले.

उठा, उठा सगळे. सावकाश.

भाभी, तुमी नाई. तुमी बसून राहा.